जमिनीला न टेकणारे पाय

मुंबईहून नेवार्कला विनाथांबा जायचं तर पंधरा-सोळा तास एका जागी बसावं लागतं. लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडांना सांभाळायला निघालेल्या आज्या या विमानांत हमखास भेटतात. माझी आई त्यांतलीच, उंची चार फूट अकरा इंच. तिच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि आधी कधी कशी दिसली नाही याचं वाईट वाटलं. पाठ टेकवून, पट्टा बांधून ती बसली की तिच्या टाचा जमिनीला लागत नव्हत्या. चवडे तेवढे जेमतेम टेकायचे. मग ती पुढे सरकायची. पाय टेकायचे, पण पाठ अधांतरी राहायची. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, असं रात्रभर चाललं होतं. उतरताना घोटे इतके सुजले होते की सँडलचा पट्टा लागेना.

इकॉनॉमी क्लासमधल्या सीटबद्दल बोलणं निघालं की ते बहुतेक गुडघ्यांवर येतं. एका सीटच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतच्या अंतराला ‘पिच’ म्हणतात. १९७०च्या दशकात ते ३४-३५ इंच असायचं. आता ३० ते ३२ इंच मिळतं, आणि स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांत २८-२९. सहा फुटी माणसाचे गुडघे पुढच्या सीटला घासतात, त्याची तक्रार अगदी रास्त आहे. पण पिच वाढवून माझ्या आईला काय मिळणार होतं? तिच्या गुडघ्यांपुढे जागा होतीच. तिची अडचण सीटच्या उंचीची होती, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

हिशेब साधा आहे. बसल्यावर गुडघ्यामागच्या खोबणीपासून तळव्यापर्यंतचं अंतर माणसाच्या उंचीच्या साधारण पाव भाग भरतं. १९९६ साली जन्मलेल्या भारतीय स्त्रियांची सरासरी उंची १५३ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे हे अंतर झालं सुमारे ३८ सेंटिमीटर. चपलेचे दोन धरले तर ४०. इकॉनॉमीतल्या सीटची पुढची कड जमिनीपासून साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटरवर असते. गादी दबून थोडं अंतर कमी होतं, तरी दोन-चार सेंटिमीटरची फट उरतेच. त्याच वर्षी जन्मलेल्या डच स्त्रियांची सरासरी उंची १६९ सेंटिमीटरच्या घरात आहे. त्यांचे पाय या सीटवर आरामात टेकतात. आपल्याकडच्या सरासरी बाईचे टेकत नाहीत. आई काही अपवाद नव्हती. ती सरासरीच्या अगदी जवळ होती.

दोन-चार सेंटिमीटरने एवढं काय बिघडतं? गुडघ्याखालचा पाय पावलासकट शरीराच्या वजनाच्या सुमारे सहा टक्के भरतो. साठ किलोच्या बाईचे दोन्ही पाय मिळून सात किलोंहून जास्त. पावलं जमिनीवर असली की हे वजन जमीन पेलते. पाय लोंबकळले की तेच वजन सीटच्या पुढच्या कडेवर येतं, आणि ती कड मांडीच्या खालच्या बाजूला, गुडघ्यामागे रुतते. तिथूनच पायातलं रक्त हृदयाकडे परत नेणारी मोठी शीर जाते. तिची भिंत मऊ असते आणि आतला दाब कमी, त्यामुळे ती सहज दबते.

पायातलं रक्त वर चढतं ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. पाऊल टाकताना पोटरी आवळली जाते, शिरेतलं रक्त वर ढकललं जातं आणि शिरेतल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. बसून राहिलं की हा पंप थांबतो. लोंबकळत्या पायाला तर रेटा द्यायलाही काही नसतं. मग रक्त साचतं, त्यातलं पाणी भोवतीच्या पेशींमधल्या जागेत झिरपतं आणि घोटे सुजतात. बहुतेक वेळा ही सूज दिवसा-दोन दिवसांत उतरते. कधीकधी मात्र साचलेलं रक्त शिरेतच गोठतं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

हे ज्ञान लांब पल्ल्याचा विमानप्रवास सर्रास होण्याच्या आधीचं आहे. १९४०मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव चालू असताना लोक रात्र-रात्र तळघरांत आणि निवाऱ्यांत काढत. झोपायला जागा नसे, म्हणून पुष्कळ जण कापडी घडीच्या खुर्च्यांवर बसूनच झोपत. त्या खुर्च्यांची पुढची लाकडी दांडी मांडीखाली दाबली जाई. कीथ सिम्पसन या शवविच्छेदन तज्ज्ञांच्या ध्यानात आलं की फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू सुमारे सहापट झाले आहेत, आणि त्यांत निवाऱ्यात बसून रात्र काढणारे बरेच आहेत. त्यांनी हे त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुढे निवाऱ्यांमध्ये आडवं होण्यासाठी बाकडी आली. बॉम्बपासून वाचलेली माणसं खुर्चीच्या दांडीने दगावत होती, हे वाचल्यापासून ती दांडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी २००६मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. लांबच्या प्रवासाने शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. आणि हे विमानाइतकंच मोटार, बस, रेल्वेलाही लागू होतं. १९० सेंटिमीटरहून उंच माणसांत धोका जास्त निघाला, ते अपेक्षितच होतं. पण विमानप्रवासानंतर १६० सेंटिमीटरहून ठेंगण्या माणसांतही धोका वाढलेला दिसला. उंचांचे गुडघे दुमडून अडकतात आणि ठेंगण्यांचे पाय लोंबकळतात, असं याचं स्पष्टीकरण सहज पटण्यासारखं आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक स्त्रिया १६० सेंटिमीटरच्या आतल्या आहेत, हे इथे मुद्दाम सांगायला हवं.

घाबरून जाऊ नये म्हणून दुसरा आकडाही देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या उड्डाणानंतर असा त्रास सहा हजारांत एकाला होतो. निरोगी माणसासाठी हा धोका लहान आहे. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, गरोदर किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणारी स्त्री, कर्करोगाचे रुग्ण, आधी गुठळी होऊन गेलेली माणसं यांनी मात्र निघण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं.

गुठळी विरळा, पण पाठदुखी जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येते, आणि तिचाही संबंध पायांशी आहे. पाय टेकेनात की माणूस नकळत पुढे घसरतो. कंबरेचा कणा नैसर्गिकपणे आत वळलेला असतो, तो सपाट होतो आणि भार मणक्यांमधल्या चकत्यांच्या पुढच्या कडेवर जातो. जे. जे. कीगन या अमेरिकी शल्यविशारदाने १९५३मध्ये क्ष-किरण चित्रं घेऊन दाखवलं होतं की मांडी आणि धड यांच्यातला कोन १३५ अंशांच्या आसपास असला की कंबर सर्वांत निवांत असते. कोन जितका आवळला जातो तितका तो बाक पुसला जातो.

पाय टेकवायला फूटरेस्ट, म्हणजे पायांखाली आधार, दिला तर तो नेमका किती उंच हवा, याचं उत्तर या कोनातच मिळतं. पाऊल टेकेल आणि मांडी सीटवर सपाट राहील इतकाच. त्याहून उंच झाला की गुडघे वर येतात, कोन आवळतो, मांडी सीटवरून सुटते आणि सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडतो. अर्ध्या तासात बूड दुखायला लागतं. म्हणून आईला ज्या फूटरेस्टने सुख वाटेल, तोच माझ्या सहा फुटी भावाला नकोसा होईल. लक्झरी बसमध्ये पुढच्या सीटखालची दांडी पायाने वर-खाली करता येते, ती सोय याचसाठी आहे.

विमानांच्या इकॉनॉमीतही अशा दांड्या पुष्कळ ठिकाणी होत्या. त्या का गेल्या, याची कारणं खोटी नाहीत. सीटमागे एक किलो धरला तरी तीनशे सीटांचे तीनशे किलो होतात, आणि ते वजन प्रत्येक उड्डाणात इंधन खातं. दांडी मोडते, दुरुस्ती मागते, सीटखालच्या बॅगेची जागा अडवते. पिच कमी झाल्यावर उंच माणसाच्या नडगीला तीच लागते. शिवाय विमान प्रमाणित करताना अर्धीच दारं वापरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे दाखवावं लागतं, तेव्हा पायात अडकणारी कुठलीही वस्तू नको असते. तरीही मला वाटतं, वजनाचा हा हिशेब अर्धाच आहे. ज्यांचे पाय पोचतात त्यांनी तो मांडला. घडी होणारी हलकी पट्टी, निदान काही रांगांत, आणि तिकीट काढताना ‘उंची कमी आहे’ अशी नोंद करायची सोय, एवढं मागणं अवाजवी नाही.

तोपर्यंत आपली सोय आपणच करायची. ट्रेच्या दांड्याला टांगायचे पायझोपाळे बाजारात मिळतात. ते मी घेत नाही. त्यांचा सगळा भार ट्रेच्या बिजागऱ्यांवर येतो, पुढच्या प्रवाशाला हिसके बसतात, आणि बऱ्याच कंपन्या ते वापरू देत नाहीत. हवा भरायच्या उशांनाही काही ठिकाणी मनाई आहे, आधी विचारावं. सगळ्यांत बरी ती सीटखालची आपलीच बॅग: घट्ट भरलेली, आडवी ठेवलेली, आणि उड्डाण करताना व उतरताना पुन्हा पूर्ण आत सरकवलेली. तिच्यावर पाऊल सपाट ठेवून टाच रोवायची, चवडा उचलायचा. मग चवडा रोवून टाच उचलायची. दर अर्ध्या तासाने वीस-पंचवीस वेळा. टेकायला काही असलं की पोटरी खरोखर जोर लावते, नुसतं हवेत पाऊल हलवून तेवढं साधत नाही. घोट्याशी घट्ट बसणारे लांब मोजेही कामाचे आहेत. २००१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका चाचणीत लांबच्या प्रवासात मोजे न घातलेल्या ११६ जणांपैकी १२ जणांच्या पोटऱ्यांत लक्षणं नसलेल्या गुठळ्या सापडल्या; मोजे घातलेल्यांत एकाही नाही. मात्र पायांतला रक्तपुरवठा मुळातच कमी असेल तर असे मोजे डॉक्टरांना विचारूनच घालावेत.

परतीच्या प्रवासाआधी मी आईला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर प्रवासातलीच सँडल घालून बसवलं. गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत टेप लावली तर ३९ सेंटिमीटर भरले. सीटची कड ४४ धरली. मग पाच सेंटिमीटर जाडीची, फारशी न दबणारी गुंडाळी हवी होती. दोन सुती साड्या घट्ट गुंडाळून, वर चादर लपेटून आम्ही ती तयार केली, आणि आईने प्रवासभर ती पायांखालून सोडली नाही.