एक ऑसिलेटर, सहा व्हॉइस: साध्या पॉली ॲनालॉग सिंथची पार्श्वभूमी

मेन्यूत न शिरता, समोरच्या नॉब-फेडरवरच सगळा आवाज घडवता येईल असा पॉली (एकाच वेळी अनेक स्वर वाजवणारा) ॲनालॉग सिंथ निवडताना आज जे प्रश्न पडतात, त्यातले बहुतेक १९८१ ते १९८४ या काळातले आहेत. त्याआधीची यंत्रं मोजक्यांच्याच आवाक्यात होती. १९७५ च्या सुमाराला आलेल्या चार व्हॉइसच्या यंत्रात प्रत्येक व्हॉइस, म्हणजे एका वेळी एक स्वर वाजवणारा भाग, हा स्वतंत्र सिंथच होता. चारही ठिकाणचे नॉब हाताने जुळवावे लागत. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये मायक्रोप्रोसेसर आला, एकाच पॅनलवरून पाचही व्हॉइस चालू लागले आणि ४० पॅच, म्हणजे जतन केलेले आवाज, मेमरीत राहू लागले. मांडणी सुटसुटीत झाली, किंमत मात्र चढीच राहिली. दर व्हॉइसला दोन ऑसिलेटर (स्वराची मूळ लाट तयार करणारे भाग), म्हणजे एकूण दहा; ते सुरात राहावेत म्हणून पॅनलवर ट्यूनचं बटणच द्यावं लागलं.

काटछाट सुरू झाली ती जपानमध्ये. १९८१ च्या पॉलीसिक्सने दर व्हॉइसला एकच ऑसिलेटर ठेवला आणि पातळ आवाजाला कोरस-एन्सेम्बलने (त्याच आवाजाच्या किंचित हललेल्या प्रती मिसळणाऱ्या इफेक्टने) भरीव केलं. १९८२ च्या ज्युनो-६ ने त्यापुढची पायरी गाठली: व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर, म्हणजे व्हीसीओ, काढून त्याजागी डीसीओ, म्हणजे डिजिटल नियंत्रणावर चालणारा ऑसिलेटर, बसवला. या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय निवड करू नये.

व्हीसीओची अडचण तापमानाची. दर ऑक्टेव्हला एक व्होल्ट हे प्रमाण ज्या ट्रान्झिस्टरच्या जोडीवर उभं असतं, तिचं गणित दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३३ टक्क्यांनी सरकतं. भरपाई केली नाही तर संदर्भ स्वरापासून तीन सप्तकं दूर एका अंशाच्या फरकाने सुमारे १२ सेंटचा फरक पडतो, म्हणजे अर्धस्वराचा आठवा हिस्सा. तापमानासोबत बदलणारा रेझिस्टर लावून हे सावरता येतं, पण तो रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर एकाच तापमानाला असतील तरच. एसी सुरू झाला, स्टेजवरचा दिवा वर आला, की सूर हलतो. एका ऑसिलेटरचं हे खपून जातं. सहा व्हॉइसच्या कॉर्डमध्ये एक स्वर हलला की लगेच कानाला खुपतो.

डीसीओमध्ये लाट ॲनालॉगच असते. कपॅसिटर चार्ज होतो आणि करवतीच्या दात्यासारखा चढ तयार होतो. तो कधी रिकामा करायचा, एवढंच एका क्लॉकवर चालणारा डिजिटल काउंटर ठरवतो. वरच्या स्वरांना चार्ज व्हायला वेळ कमी मिळतो आणि लाटेची उंची घटते, म्हणून स्वर चढेल त्या प्रमाणात चार्जिंगचा करंटही वाढवतात. सहाही व्हॉइस एकाच क्लॉकवर चालत असल्याने सूर लावायची गरजच उरत नाही. पुढचा फिल्टर आणि ॲम्प्लिफायर पूर्ण ॲनालॉग. तेव्हा डीसीओला ‘नकली ॲनालॉग’ म्हणणं चूक आहे. खरा आक्षेप वेगळा: सब-ऑसिलेटर (एक सप्तक खालचा स्वर देणारा) मूळ लाटेलाच भागून काढलेला असल्याने दोघांत सूक्ष्म तफावत नसते आणि आवाज जागचा हलत नाही. ती हालचाल पल्सविड्थ मॉड्युलेशनमधून (चौकोनी लाटेची रुंदी सतत बदलत ठेवून) आणि कोरसमधून आणावी लागते. ज्युनोचा कोरस त्यामुळे शोभेचा नाही, रचनेचाच भाग आहे. तो बंद करून सिंथ ऐकलात तर अर्धाच ऐकलात. सोबत थोडी सळसळ येते, ती त्यातल्या ॲनालॉग डिले चिपची.

ज्युनो-६ ला मेमरी नव्हती. त्याच वर्षीच्या ज्युनो-६० ला ५६ पॅच मिळाले. १९८४ च्या ज्युनो-१०६ मध्ये १२८ पॅच आणि मिडी (वाद्यं एकमेकांना जोडायची पद्धत) आलं, पण एन्व्हलप, म्हणजे स्वराचा चढ-उतार ठरवणारे सिग्नल, सॉफ्टवेअरमधून निघू लागले. याच १०६ मध्ये दर व्हॉइसचा फिल्टर आणि ॲम्प्लिफायर राळेने मढवलेल्या एका चिपमध्ये होते. काही वर्षांनंतर त्या राळेतून विद्युत गळती होते आणि व्हॉइस कडकडतो किंवा गप्प होतो. जुना १०६ घेताना ‘की ट्रान्स्पोज’ हे बटण दाबून धरून सुरू करावा. टेस्ट मोडमध्ये कोणता व्हॉइस वाजतोय ते डिस्प्लेवर दिसतं. फिल्टर पूर्ण उघडा ठेवून एकच की सहा वेळा वाजवली तर सहाही तपासून होतात. पॉलीसिक्समध्ये धोका बॅटरीचा: ती गळते आणि मेमरीच्या बोर्डवरचे ट्रॅक खाऊन टाकते. झाकण उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दरम्यान १९८३ मध्ये डीएक्स७ हा डिजिटल सिंथ आला. सोळा व्हॉइस, सूर पक्का, पण पॅनलवर सपाट बटणं आणि एक डेटा स्लायडर. पुढची अनेक वर्षं हाताने आवाज घडवणं मागे पडलं आणि जुने ज्युनो स्वस्तात फिरत राहिले.

२००७ च्या प्रॉफेट ’०८ ने आठ व्हॉइसचा पॉली परत आणला, तोही डीसीओवर. त्याचे न थांबता फिरणारे एन्कोडर अनेकांना रुचले नाहीत आणि पुढे पोटेन्शिओमीटरची (ठरावीक मर्यादेतच फिरणाऱ्या नॉबची) आवृत्ती काढावी लागली. पोटेन्शिओमीटरलाही एक अडचण आहेच: पॅच बदलला की नॉबची जागा आणि आवाज जुळत नाहीत. म्हणून जंप (नॉब हलवताच आवाज नॉबच्या जागेवर उडी घेतो) आणि कॅच (नॉब जतन केलेल्या जागेवर पोचल्यावरच आवाज बदलतो) या पर्यायांची सोय आहे का, हे विकत घेण्याआधी बघावं.

२०१६ च्या मिनिलॉगने दर व्हॉइसला दोन व्हीसीओ कमी किमतीत दिले. व्हॉइस चार आणि कीज बारीक ३७. पाठोपाठ आलेल्या डीपमाइंड १२ ने बारा व्हॉइस डीसीओवर दिले, पण बरंचसं काम स्क्रीनमागे नेलं. चार व्हॉइसची मर्यादा लांब रिलीझवर (की सोडल्यानंतर स्वर विरत जाण्याच्या काळात) कळते: चार स्वरांची कॉर्ड बदलताच आधीचे स्वर तुटतात. डाव्या हाताने बेस आणि उजव्या हाताने कॉर्ड वाजवणाऱ्याला सहा व्हॉइस हवेतच. त्यासाठी दुसरा ऑसिलेटर सोडावा लागला तरी चालेल.

जपानहून मागवलेला जुना सिंथ १०० व्होल्टचा असतो. मागची पट्टी वाचून, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावूनच तो आपल्या २३० व्होल्टला जोडावा.