केस स्टडी म्हणजे यशोगाथा नव्हे

नाशिकमध्ये शेतीच्या कार्यक्रमांत एक समज पक्का बसला आहे: एका द्राक्ष बागायतदाराची भरभराट सांगितली की संशोधनाचा फायदा सिद्ध झाला, आणि त्यालाच केस स्टडी म्हणायचे. हे चूक आहे. केस स्टडीत कौतुक नाही, फायदा कुठून आला याचा माग काढायचा असतो.

थॉमसन सीडलेस या द्राक्षाच्या जातीचे घड वाढीला चालना देणाऱ्या जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवतात, मणी फुगतो. श्रेय कोणाचे? अलीकडचेच पाहिले तर मात्रा ठरवून देणाऱ्या सल्लागाराचे. आणखी मागे गेलात तर १९२६ साली तैवानमध्ये भाताची रोपे अवाजवी उंच वाढवणाऱ्या बुरशीवर काम करणाऱ्या जपानी संशोधक कुरोसावांपर्यंत पोचाल; हे अ‍ॅसिड त्याच बुरशीतून मिळाले. त्यांचा विषय भात होता, द्राक्ष नव्हे!

किती मागे जायचे यावर निष्कर्ष उलटतो. अमेरिकेत १९६०च्या दशकात नेमके हेच झाले. संरक्षण खात्याच्या ‘प्रोजेक्ट हाइंडसाइट’ने शस्त्रास्त्रांमागच्या संशोधनाचा साधारण २० वर्षांचा माग काढला, तर मूलभूत संशोधनाचा वाटा नगण्य दिसला. ‘ट्रेसेस’ हा अभ्यास कितीतरी मागे गेला, तर बहुतेक महत्त्वाचे टप्पे मूलभूत संशोधनातलेच निघाले.

म्हणून काळाची मर्यादा आधीच लिहून ठेवा. फसलेल्या बागाही निवडा. पाणी, बाजारभाव, निर्यात यांचा वाटा वेगळा काढा, आणि हे तंत्र न वापरणाऱ्या शेजारच्या बागेत काय झाले ते विचारा. एवढे करूनही कळते ते फायदा कसा झाला. जिल्ह्यात किती झाला, हे सांगायला सर्वेक्षणच लागते.