तुर्भे स्टोअरच्या अभ्यासवर्गाची पार्श्वभूमी

अमेरिकन मिशन ही ख्रिस्ती मिशनऱ्यांची संस्था अहमदनगरला पोहोचली १८३१ मध्ये. पुढे निघालेल्या शाळा आणि वसतिगृहं सगळ्यांना ठाऊक आहेत. इथे त्याचा संबंध एवढाच, की नगर भागातून नोकरीनिमित्त नवी मुंबईत आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी हा वर्ग सुरू केला. आधी ती मंडळीतल्याच, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या मुलांची शब्बाथशाळा (रविवारची धर्मशिक्षणाची शाळा) होती. उपासनेनंतर थोडं गणित, थोडं इंग्रजी.

तुर्भे स्टोअर वस्तीतली मुलं येऊ लागली ती बाजारामुळे. मुंबईचा भाजी आणि फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये इकडे हलला, माल निवडायला बायका लागल्या. डोंगरावरच्या दगडखाणींत नवरा-बायको दोघंही आधीपासून राबत होतेच. शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत घरी कुणी नाही. त्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आलं. ज्या घरात मराठी वाचणारंही कुणी नाही, तिथे स्पेलिंग पाठ कोण करून घेणार?

मुलं वाढली तसा प्रार्थनेचा वाद उभा राहिला, आणि या वर्गाचा खरा इतिहास तिथून सुरू होतो असं मला वाटतं. वर्गाची सुरुवात प्रभूच्या, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेने व्हायची. मंडळीबाहेरची मुलं निम्म्याहून जास्त झाली, तेव्हा पालकसभेत खाणीवरच्या एका आईने विचारलं, “पोरं शिकत्यात ते चांगलंच हाय. पण घरी येऊन हात जोडून काय म्हनत्यात, ते आमाला सांगा की.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, धर्मांतराची कुजबूज मात्र वस्तीत चालू होती.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या कित्येक बैठका यावर गेल्या. जुने सभासद म्हणत, खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं अर्पणातून, म्हणजे चर्चमध्ये देवाच्या नावाने दिलेल्या पैशातून चालतं. मग ज्याच्या नावाने पैसा येतो त्याचं नाव घ्यायला संकोच कसला? हे उडवून लावण्यासारखं नव्हतं. रोज संध्याकाळी शिकवायला येणारी माणसं श्रद्धेपोटीच येत होती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, शिकायची गरज म्हणून आलेल्या मुलाला नाही म्हणता येत नाही. त्याच्याकडून म्हणवून घेतलेली प्रार्थना देवापर्यंत कशी पोहोचेल? पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, ही बाजू उचलून धरली. प्रभूची प्रार्थना रविवारपुरती राहिली, वर्गात शाळेतली प्रार्थना आली, आणि वर्ग चर्चच्या हॉलमधून वस्तीतल्या समाजमंदिरात गेला. काही कुटुंबांनी वर्गासाठी देणं थांबवलं. मुलं मात्र इतकी वाढली की दोन पाळ्या कराव्या लागल्या. निर्णय योग्यच होता. व्हायला उशीर झाला.

१ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. मग नववीत अडकलेली, जोडाक्षरापाशी अडखळणारी मुलं येऊ लागली. लहानांसमोर वाचायची त्यांना लाज वाटे. म्हणून त्यांनाच लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायचं काम दिलं. आदल्या दिवशी घरी तयारी करून यायचं. कित्येक जण त्यातूनच वाचायला शिकले.

२०२० मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा घरात फोन एकच, तोही बापाबरोबर बाहेर. स्वयंसेवक गणितं हाताने लिहून दारोदार देत. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा पास होण्याची अट आली. तेव्हापासून पाचवीच्या पालकांची चौकशी जूनआधीच सुरू होते, आणि गणित शिकवणारी माणसं पुरत नाहीत.