आउटबोर्ड मोटरची लाकडी बैठक

लहान आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीला बाहेरून लावायचे इंजिन, होडीच्या मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, क्लॅम्पच्या (पकडीच्या) दोन स्क्रूंनी आवळून बसवतात. ट्रान्सम पातळ असेल किंवा मोटर वेगळ्या ब्रॅकेटवर लावायची असेल, तर तिथे लाकडी बैठक लागते. स्क्रूंचा दाब आणि प्रॉपेलरचा रेटा ती मोठ्या क्षेत्रावर पसरवते.

लाकूड घेण्याआधी मोटर मोजावी. बैठक आणि ट्रान्सम मिळून होणारी जाडी क्लॅम्पच्या तोंडात बसली पाहिजे. ब्रॅकेटवर नुसतीच बैठक असेल, तर १८ मिमी मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचे) दोन थर, म्हणजे ३६ मिमी, बहुतेक लहान मोटरींना पुरतात. उंचीही पाहावी. शॉर्ट शाफ्टला (आखूड दांड्याच्या मोटरीला) बैठकीच्या माथ्यापासून होडीच्या तळापर्यंत साधारण ३८१ मिमी (१५ इंच) आणि लाँग शाफ्टला (लांब दांड्याच्या) ५०८ मिमी (२० इंच) अंतर लागते. बैठकीचा माथा त्याहून वर गेला, तर प्रॉपेलर हवा ओढतो आणि मोटर नुसतीच गरगरते.

सागवान टिकाऊ, पण तेलकट. चिकटवण्याआधी एसीटोनने पुसावे लागते. शिवाय अखंड फळी रेषेवर चिरते, म्हणून प्लायच बरा. तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले लाकूड ॲल्युमिनियमच्या होडीला लावू नये, धातू खाल्ला जातो.

थर चिकटवताना दोन्ही पृष्ठांवर आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारे राळेसारखे चिकट द्रव्य) मुरवावे, मग सिलिका पूड घालून घट्ट केलेले लावावे. कडेने बारीक ओघळ दिसेपर्यंतच आवळावे; जास्त आवळल्यास इपॉक्सी बाहेर जाऊन सांधा कोरडा राहतो. सुकल्यावर कडा रंध्याने सारख्या करून ५-६ मिमी गोलाई द्यावी, कारण धारदार कोपऱ्यावर कोणताच लेप टिकत नाही. पाणी सर्वात जास्त कडांतूनच शिरते, त्यामुळे तिथे इपॉक्सीचे किमान तीन हात हवेत. वर आलेला मेणचट थर पाण्याने धुऊन, घासून मगच रंग द्यावा. रंगाविना इपॉक्सी उन्हाने खराब होते.

खरी परीक्षा बोल्टच्या भोकांची. ८ मिमी बोल्टसाठी १२ मिमी भोक पाडून ते घट्ट इपॉक्सीने भरावे आणि सुकल्यावर मधोमध ८ मिमी पाडावे. मग पाणी लाकडाला शिवतच नाही. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे (सहज न गंजणाऱ्या पोलादाचे), आतून रुंद वॉशर आणि भोवती सीलंट. सीलंट लावताना नट हलके बसवून ते सुकल्यावर पूर्ण आवळले, तर सगळे पिळून बाहेर येत नाही. डोकी खोलगट बसवावीत, नाहीतर क्लॅम्प त्यांच्यावर टेकतो.

मोटरच्या क्लॅम्पचे स्क्रू लाकडात रुततात आणि सैल होतात. त्यांच्याखाली धातूची पट्टी द्यावी, पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळावे. मोटरची सुरक्षा दोरी बैठकीला नव्हे, होडीच्या भक्कम भागाला बांधावी. बोल्टभोवती काळे वलय, फुगलेला रंग किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर आतून कूज लागलेली असू शकते. ती पुट्टीने भरून भागत नाही, बैठकच बदलावी.