धाव फुटलेलं इंजिन

टक्. थोडं पुढे, पुन्हा टक्. माझ्या मॉडेल रेल्वेतल्या जुन्या, एचओ मापाच्या (म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान) डिझेल इंजिनाचा हा आवाज मी दोन महिने मोटरच्या खात्यावर टाकत होतो. शेवटी रुळाला लागून स्टीलपट्टी ठेवली, वेगाचा रेग्युलेटर अगदी कमी केला आणि दोन टकांमधलं अंतर मोजलं. जवळपास 39 मिलिमीटर. चाकाचा व्यास साडेबारा मिलिमीटर, म्हणजे परीघही 39च. दोष चाकाबरोबर फिरत होता. मोटर तेवढ्या वेळात पंधरा फेऱ्या मारते. ती दोषी असती तर टकटक पंधरापट दाट झाली असती.

इतवारीतल्या एका घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "गिअर चिरला जी याचा. मोटर काहून बदलता?"

आसावर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या गिअरला केसाएवढी चीर होती. चिरेच्या दोन्ही बाजूंचे दात किंचित फाकलेले, म्हणून दर फेरीला तिथे एक गचका. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना यामागचं कारण लगेच कळेल. धाव तापवून फुगवतात, चाकावर घालतात आणि पाणी ओततात. ती आवळते आणि लाकडाला घट्ट धरते. गिअरही तसाच पोलादी आसावर आवळून बसवलेला असतो, म्हणजे त्याच्या भोकाचा व्यास आसापेक्षा किंचित कमी ठेवतात. फरक असा की लोखंडी धाव तो ताण वर्षानुवर्षं सोसते, प्लॅस्टिक सोसत नाही. सततच्या ताणाखाली ते हळूहळू सरकतं, आणि एखाद्या दाताच्या मुळाशी, जिथे ते सगळ्यांत पातळ असतं, तिथे उलतं.

त्यात आपलं नागपूर. या गिअरचं प्लॅस्टिक तापमानानुसार पोलादाच्या आठ-नऊपट फुगतं आणि आकसतं. माळ्यावरच्या खोक्याने मे महिन्यातले 45 अंश पाहिले आणि जानेवारीतले 10ही. तीन मिलिमीटरच्या आसावर या 35 अंशांच्या फरकाने गिअर साधारण एक शतांश मिलिमीटर जास्त आवळतो. ऐकायला काहीच नाही. पण मुळात घट्ट बसण्यासाठी ठेवलेला फरकच काही शतांश मिलिमीटरचा असतो. तरी सगळं पाप उन्हाळ्याच्या माथी मारणार नाही. थंड देशांतही असे गिअर चिरतातच.

नवा गिअर बसवणं हे काम तसं छोटं. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं होतं, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं. चाकं परत दाबून बसवताना त्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे साडेचौदा मिलिमीटर राखलं, नाहीतर गाडी सांध्यावर रूळ सोडते. गिअर आणि वर्म (मोटरच्या दांड्यावरचा मळसूत्रासारखा भाग) यांच्यात पातळ कागदाची पट्टी सरकवून फट ठरवली. कागद सुरकुतला पाहिजे, फाटता कामा नये.

 वर्म एकदा फिरला की गिअरचा एकच दात पुढे सरकतो. पंधरा दात, म्हणून पंधरा फेऱ्यांना चाकाची एक. भारतीय रेल्वेच्या खऱ्या डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनात वर्म नाही. तिथे आसाजवळच्या मोटरवर 18 दातांचा आणि आसावर 65 दातांचा साधा गिअर असतो, म्हणजे मोटरच्या साडेतीनहून थोड्या जास्त फेऱ्यांना चाकाची एक. ताशी 60 किलोमीटरला त्या इंजिनाचं चाक मिनिटाला 292 फेऱ्या मारतं. मॉडेल 87 पट लहान आणि वेगही 87 पट कमी, म्हणून त्याचं चाकही 292च फेऱ्या मारतं! पण खरी मोटर तेव्हा हजारेक फेऱ्यांवर असते, आणि माझी चिमुकली मोटर चार हजारांच्या वर. लहान मोटरला जोर कमी. तो गिअर लावूनच मिळवावा लागतो.

वर्मची एक खोड आहे. मोटर चाक फिरवते, पण चाक मोटरला फिरवू शकत नाही. मेकॅनिकचा स्क्रू जॅक गाडीच्या वजनाने आपोआप उतरत नाही, तेच इथे. मळसूत्राचा चढ इतका कमी असतो की घर्षण जिंकतं. म्हणून वीज तुटली की मॉडेल घसरत जात नाही, जागीच गोठतं.

मॉडेलला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते, आणि ती तुटते तर सारखीच. नागपूर स्टेशनजवळच्या डायमंड क्रॉसिंगचं कौतुक आपण पाहुण्यांना ऐकवतो, पण मॉडेलवाल्याला तसलं क्रॉसिंग म्हणजे डोकेदुखी. रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे शॉर्टसर्किट टाळायला प्लॅस्टिकचा तुकडा घालावा लागतो, आणि त्यावर चाक आलं की वीज गायब.

उपाय म्हणजे फ्लायव्हील, वीज गेली तरी स्वतःच्या वेगाने फिरत राहणारं जड चाक, कुंभाराच्या चाकाचाच भाऊबंद. ते मोटरच्या दांड्यावर, वर्मच्या अलीकडे बसवायचं. मी पितळेचं, 15 मिलिमीटर व्यासाचं आणि तेवढ्याच लांबीचं करून घेतलं. वजन 22 ग्रॅमच्या आसपास. अख्खं इंजिन 340 ग्रॅम. (113 टनांचं डब्ल्यूडीएम-2 काटेकोर मापाने लहान केलं तर 170 ग्रॅमच भरेल, कारण वजन 87च्या घनाने घटतं. पकड मिळावी म्हणून मॉडेलमध्ये मुद्दाम वजन भरतात.) ताशी 60च्या मापाने धावताना या 340 ग्रॅममधली गतिज ऊर्जा आणि त्या 22 ग्रॅमच्या पितळात फिरणारी ऊर्जा यांची तुलना केली, तर पितळाची जवळजवळ दसपट निघते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, आणि फ्लायव्हील मिनिटाला चार हजारांहून जास्त फेऱ्या घेत असतं. आसावर बसवलं असतं तर त्याच पितळाची ऊर्जा 225 पट कमी भरली असती.

आता इंजिन क्रॉसिंग अडखळल्याशिवाय ओलांडतं. फक्त मागे जाताना बारीक कुरकुर आहे. उलट दिशेला वर्म दांड्यासकट दुसऱ्या टोकाकडे ढकलला जातो, आणि तिथे थोडी मोकळीक राहिली आहे. काका म्हणाले, एक पातळ वॉशर लागेल, रविवारी घेऊन या.