सुटलेली वेणी दाखवणारा रेणू : कोलॅजन प्रोब वापरण्यापूर्वी

कोलॅजन हे हाडे, कूर्चा, त्वचा यांना बळकटी देणारे प्रथिन, म्हणजे तीन पेडांची घट्ट वेणी. प्रत्येक पेडात दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते. ते सर्वांत लहान, म्हणून तिन्ही पेड मध्यभागी इतके दाटून बसतात. टाइप १ कोलॅजनचा रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असतो.

शरीर ही वेणी सोडवत आणि नव्याने घालत असते. वाढत्या हाडात, भरत्या जखमेत हे चालतेच, तो आजार नव्हे. कोलॅजनेज एन्झाइम रेणूला ठरावीक जागी कापतो, एक तुकडा पाऊण, दुसरा पाव. शरीराच्या तापमानाला हे तुकडे टिकत नाहीत, पेड सुटतात. संधिवातातली कूर्चा आणि कर्करोगाच्या गाठीभोवतालची ऊती यांतही पेड सुटतात. अति ताण पडलेल्या स्नायुबंधात तर नुसत्या ओढीनेही.

आमचा प्रोब, म्हणजे हे सुटे पेड शोधणारा रेणू, हा ग्लायसिन, प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांच्या पुनरावृत्तीचा छोटा पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) आहे. त्याला चमकणारा रंग जोडलेला आहे. तोही एक मोकळा पेडच. ऊतीत सुटे पेड भेटले की त्यांच्यात गुंफला जातो. अखंड वेणीत त्याला जागाच नसते. तो अँटिबॉडीसारखा एका विशिष्ट खुणेवर अवलंबून नाही, त्यामुळे उंदराच्या आणि माणसाच्या नमुन्यावर एकच कुपी चालते.

ग्राहक आम्हाला सर्वांत जास्त विचारतात ते हे : ‘सिग्नल कमी आला, म्हणजे कोलॅजन कमी आहे का?’ नाही. जुन्या, स्थिरावलेल्या व्रणात कोलॅजन ठासून भरलेले असूनही चमक मंद असू शकते. हा प्रोब मोडतोड दाखवतो, साठा नाही. साठ्यासाठी शेजारच्या काचपट्टीवर सिरियस रेड (एकूण कोलॅजन रंगवणारा लाल रंग) करा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की खरी गोष्ट कळते.

आता वापराबद्दल, आणि इथे कृपया घाई करू नका. कुपीत ठेवलेले पेप्टाइड आपापसातच वेणी घालून बसतात. म्हणून द्रावण ८० अंश सेल्सिअसला ५ मिनिटे तापवा, बर्फाच्या पाण्यात काही सेकंद थंड करा आणि लगेच काचपट्टीवर घाला. थंड करून चहाला गेलात तर पेड पुन्हा जुळतील आणि रात्रभराचे काम फुकट जाईल. नंतर ४ अंशांना रात्रभर, अंधारात ठेवा.

पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतीच्या काचपट्ट्यांना अँटिजेन रिट्रीव्हलसाठी (अँटिबॉडीला लागणाऱ्या, झाकल्या गेलेल्या खुणा उघड करण्यासाठी) उकळू नका. त्या उष्णतेने निरोगी कोलॅजनही उसवते आणि सगळीकडे चमक दिसते. मात्र एक काचपट्टी मुद्दाम तापवून घ्या, तो तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे चमक दिसायलाच हवी असा तुलनेचा नमुना. निगेटिव्हसाठी, म्हणजे चमक दिसू नये अशा तुलनेसाठी, अमिनो आम्लांचा क्रम विस्कटलेला पेप्टाइड वापरा. तोही चमकला, तर धुणे कमी पडले आहे.

हा प्रोब संशोधनासाठी आहे, रुग्णाच्या निदानासाठी नाही.