मिसिंग की हादरा? मॅप केलेल्या टर्बो गाडीतली थरथर

पावसाळ्यात खंबाटकीचा चढ, तिसरा गिअर, अडीच हजार आरपीएम. ॲक्सिलरेटर दाबला की सीटखालून थरथर येते आणि दोन सेकंदांत जाते. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारात तीच गाडी तासभर शहाण्यासारखी उभी. मॅप करून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) प्रोग्रॅमिंग बदलून, ताकद वाढवलेल्या टर्बो गाड्यांबद्दल ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे, की आता मी पहिला प्रश्न एकच विचारतो : थरथर आरपीएमबरोबर येते की लोडबरोबर, म्हणजे इंजिनावरच्या ओझ्याबरोबर?

कारण सीटमध्ये सारख्याच वाटणाऱ्या थरथरीची दोन वेगळी कुळं आहेत. एक मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण मधूनच पेटत नाही. दुसरं यांत्रिक हादरा. यात पेटतंय सगळं नीट, पण फिरणारा एखादा भाग तोलात नाही, किंवा इंजिन ज्यावर बसलंय ते रबरी फाउंडेशन हादरा गिळत नाही. पहिल्यात हात ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला वीज देणारी कॉइल यांच्याकडे जायला हवा, दुसऱ्यात रबर आणि पुलीकडे. इथे गल्लत झाली की खिसा रिकामा होतो आणि थरथर तशीच राहते.

थोडं गणित करू. ३,००० आरपीएमला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, सेकंदाला ५० वेळा फिरतो. तोल गेलेली पुली किंवा फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) त्यामुळे सेकंदाला ५० हादरे देते. ही बारीक, सलग गुणगुण असते, स्टिअरिंगवर हाताला झिणझिण्या आणणारी. फोर-स्ट्रोक इंजिनात मात्र प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणजे एकच सिलिंडर सतत चुकला तरी सेकंदाला २५ धक्के, आणि अधूनमधून चुकला तर त्याला लयच नाही. गाडी अडखळते, ओढ क्षणभर तुटते. ही तुटलेली ओढ मिसिंगची सगळ्यात भरवशाची खूण. (थरथर ठरावीक वेगालाच, समजा ८० ला, येत असेल आणि गिअर बदलूनही तिथेच राहत असेल, तर आधी चाकं बॅलन्स करून घ्या.)

उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, आरपीएम हळूहळू साडेतीन हजारांपर्यंत न्या. तोलाचा दोष असेल तर थरथर इथेही त्याच आरपीएमला भेटेल. बूस्टखालची, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असतानाची, मिसिंग मात्र भेटणार नाही, कारण न्यूट्रलमध्ये इंजिनावर ओझं नाही आणि टर्बो जवळजवळ दाबच बनवत नाही. गॅरेजात गाडी गप्प का राहते, याचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं.

मॅप केल्यावरच मिसिंग का सुरू होते? बूस्ट वाढला की ठिणगी पडायच्या क्षणी सिलिंडरमध्ये हवा जास्त दाटलेली असते, आणि दाटलेल्या हवेतून प्लगच्या टोकाची तीच फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कारखान्यातून निघताना पुरेशी असलेली कॉइल आता काठावर काम करते. तापली, जुनी झाली, प्लगच्या विहिरीत पावसाचं पाणी किंवा तेल झिरपलं, की वीज फट सोडून बाहेरून पळते. म्हणूनच ट्यूनर प्लगची फट ०.७-०.८ मिमीवरून ०.६ च्या आसपास आणतात. काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर वीज कुठून पळाली ते तुमच्या हातातच आहे.

खात्री करायला नवीन भाग लागत नाही. स्कॅनरमध्ये पी०३०३ हा मिसिंगचा कोड आला, म्हणजे तिसरा सिलिंडर. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर, आणि लॅपटॉप जोडून त्याच चढावर जा. मिसफायरची (मिसिंगची) गिनती पहिल्यावर सरकली तर कॉइल दोषी. तिसऱ्यावरच राहिली तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर पाय लगेच वर घ्या. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढतं.

फाटलेलं फाउंडेशन जरा फसवं असतं. ओढ वाढली की इंजिन कलतं आणि धातू बॉडीला टेकतो, म्हणजे इथेही थरथर लोडबरोबरच येते. पण ओढ तुटत नाही आणि मिसफायरची गिनती शून्य राहते.

ही गिनतीही मॉडिफाइड गाडीत डोळे झाकून मानू नका. ईसीयू ठिणगी बघत नाही. तो क्रँकवरच्या दातेरी चकतीचे दात मोजतो आणि फिरण्याचा वेग क्षणभर मंदावला की सिलिंडर चुकला असं धरतो. मूळ वजनदार फ्लायव्हील काढून हलकं बसवलं की प्रत्येक स्फोटागणिक क्रँकचा वेग जास्त हिंदकळतो, आणि सगळे सिलिंडर नीट पेटत असतानाही ईसीयू पी०३००, म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरवर न ठरलेली मिसिंग, दाखवू शकतो. खडबडीत रस्ताही चाकांमधून असाच धोका देतो. म्हणून गिनतीबरोबर त्याच क्षणाचा बूस्ट, आरपीएम आणि ॲक्सिलरेटर किती दाबलेला होता हे लॉगमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या नोंदीत, असलंच पाहिजे.

एका मित्राच्या दोन लिटर टर्बोत आम्ही आठवडा घालवला, कारण तिथे दोन्ही दोष एकत्र होते. मॅपबरोबर त्याने खालच्या फाउंडेशनमध्ये पॉलियुरेथेनचं कडक इन्सर्टही बसवलं होतं. सिग्नलला ८०० आरपीएमवर आरसा थरथरायचा, म्हणून त्याने घाटातल्या धक्क्यांचं खापरही इन्सर्टवरच फोडलं. लॉगमध्ये दुसऱ्या सिलिंडरची गिनती फक्त पूर्ण बूस्टला वाढत होती. प्लग काढून फीलर गेजने मोजले, तर फट ०.९ निघाली. ०.६ ची फट असलेले नवे प्लग लावले आणि त्याच संध्याकाळी पुन्हा खंबाटकी चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी एकदाही अडखळली नाही. सिग्नलला आरसा अजून थरथरतो. इन्सर्ट त्याने ठेवलं आहे.